दोन ग्राफिक्स कार्डे, एक खेळ : एसएलआय की क्रॉसफायर?

एका बैलाला न ओढवणारी गाडी दोन बैल ओढतात. मात्र दोघांची चाल जुळावी लागते. संगणकातील दोन ग्राफिक्स कार्डांचेही तसेच आहे. नातेपुते येथे बसून काटकसरीने गेमिंगचा संगणक जुळवू पाहणाऱ्या तरुणाला आपल्या जुन्या कार्डाला तसेच दुसरे जुने कार्ड जोडण्याचा मोह होऊ शकतो. पैसे मोजण्यापूर्वी या जोडीचे गुणदोष जाणून घेणे हिताचे ठरेल.

'थ्रीडीएफएक्स' कंपनीने १९९८ मध्ये दोन 'व्हूडू २' कार्डे एकत्र चालविण्याची सोय आणली. पडद्यावरील एकाआड एक ओळी ती वाटून घेत. पुढे या कंपनीचे तंत्रज्ञान 'एनव्हिडिया'कडे गेले आणि २००४ मध्ये 'एसएलआय' हे नाव नव्या रूपात अवतरले. त्याला 'एटीआय'ने २००५ मध्ये 'क्रॉसफायर'ने उत्तर दिले. २००६ मध्ये 'एएमडी'ने एटीआय विकत घेतली.

दोन्ही तंत्रांत कामाची वाटणी बरीचशी सारखी होती. एक फ्रेम पहिल्या कार्डाने रेखाटायची व पुढची दुसऱ्याने, ही प्रमुख पद्धत. एकाच फ्रेमचे दोन भाग करणे ही दुसरी. क्रॉसफायरमध्ये याखेरीज बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे चौकोन वाटून घेण्याचीही सोय होती.

खरा फरक अटींमध्ये होता. एसएलआयसाठी दोन्ही कार्डांवर एकच चिप लागे. शिवाय सुरुवातीला एनव्हिडियाच्याच चिपसेटचा मदरबोर्ड आवश्यक असे. क्रॉसफायरमध्ये एकाच मालिकेतील भिन्न कार्डेही जोडता येत आणि इंटेलचे काही चिपसेटही चालत. मात्र आरंभीच्या अनेक कार्डांसाठी खास 'मास्टर' कार्ड व बाहेरून जोडायची केबल घ्यावी लागे.

मर्यादा दोघांनाही चुकल्या नाहीत. प्रत्येक कार्डाला खेळाची सर्व चित्रसामग्री स्वतःच्या मेमरीत ठेवावी लागते; त्यामुळे ५१२ एमबीची दोन कार्डे जोडली तरी खेळाला उपयोगी मेमरी ५१२ एमबीच राहते. फ्रेमचे अंतर विषम झाल्यास आकडा मोठा दिसूनही चित्र अडखळते. वीज व उष्णता वाढते ती वेगळीच. वेग दुप्पट होणे हा अपवाद; खेळ अनुकूल नसेल तर दुसरे कार्ड निव्वळ बसून राहते.

२०१५ मध्ये आलेल्या 'डायरेक्टएक्स १२'मुळे ही जुळवाजुळव मुख्यतः खेळ तयार करणाऱ्यांवर आली. फार थोड्यांनी ते कष्ट घेतले. एएमडीच्या २०१९ मधील 'आरएक्स ५७००' कार्डांना क्रॉसफायर नव्हते, तर एनव्हिडियाने १ जानेवारी २०२१ पासून एसएलआयसाठी नव्या खेळांची प्रोफाइल देणे थांबविले.

त्रिमितीय चित्रनिर्मिती वा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गणनेत काम स्वतंत्र तुकड्यांत विभागता येते, म्हणून तेथे अनेक कार्डे आजही उपयोगी पडतात. खेळासाठी मात्र जोडीचा नाद सोडून, जुने कार्ड विकून एकच सशक्त कार्ड घेणे शहाणपणाचे.