अठरा लाख मुलं, दोन एसटी

दहा सेंटचं अमेरिकन नाणं म्हणजे डाइम. आपल्या रुपयाहून लहान. पोलिओशी लढण्यासाठी 1938 साली लोकांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्त्यावर अशी किती नाणी धाडली असतील? 26 लाख 80 हजार! एकाला एक चिकटवून मांडायला घ्या. सीएसएमटीच्या फलाटावरून सुरू झालेली रांग थेट डोंबिवली स्टेशनात शिरते. आणि ही तर नुसती भवानी!

असाच पैसा वर्षानुवर्षं जमत गेला आणि एप्रिल 1954 मध्ये जोनास साल्क यांच्या लसीची चाचणी सुरू झाली. पहिली ते तिसरीच्या वर्गांतली 18 लाख 29 हजार 916 मुलं तिच्यात होती. एका लोकलमध्ये पाच हजार कोंबले (मुंबईकरांना हे सांगायला नको) तर 366 लोकल लागतील. पहिली पहाटे चारला सोडा, मग दर तीन मिनिटांना एक. शेवटची सुटेल रात्री सव्वादहाला. की हात धरून एका ओळीत उभं करता? प्रत्येकाला मीटरभर जागा दिली, तर ओळ रेल्वेमार्गाने मुंबई-पुणे, पुणे-मुंबई अशा साडेनऊ खेपा घालते.

मदतीला सव्वातीन लाख मोठी माणसं. डॉक्टर, नर्स, शिक्षक, आणि निम्म्याहून जास्त साधे स्वयंसेवक. वानखेडे जवळपास दहा वेळा भरेल!

आता टोचण्या. 6 लाख 23 हजार 972 मुलांना प्रत्येकी तीन सुया, म्हणजे पावणेएकोणीस लाख टोचण्या. औषधाने विहीर भरेल असं वाटतं ना? एका सुईत एक मिलिलिटर. सगळं मिळून 1,872 लिटर, गच्चीवरची दोन हजार लिटरची टाकीसुद्धा भरत नाही! त्यातही जवळपास तिसरा हिस्सा लसच नव्हे. दिसायला हुबेहूब, पण निरुपद्रवी द्रव. ज्या भागांत हा द्रव वापरला, तिथे कोणाला काय मिळालं ते ना मुलाला ठाऊक, ना टोचणाऱ्याला. उरलेल्या बारा लाखांना सुईच नाही, त्यांच्यावर फक्त नजर. मुलांना मिळाला ‘पोलिओ पायोनियर’ असा बिल्ला. त्या वयात सुईच्या बदल्यात बिल्ला, सौदा वाईट नाही.

मग नोंदी. 14 कोटी 40 लाख! सेकंदाला एक वाचा, जेवू नका, झोपू नका: साडेचार वर्षं लागतील. ते काम मिशिगन विद्यापीठात थॉमस फ्रान्सिस यांच्या चमूने पंच-कार्डांच्या यंत्रांवर वर्षाच्या आत उरकलं.

आता श्वास रोखा. ज्या भागांत खरी लस आणि खोटी लस अशी थेट झुंज होती, तिथे दोन्हीकडे दोन-दोन लाखांवर मुलं. खोटी लस घेतलेल्यांपैकी 115 जणांना पोलिओने लुळेपण आलं. खरी घेतलेल्यांपैकी 33 जणांना. फरक 82 मुलांचा! दोन एसटींत बसून जातील एवढीच. त्या 82 साठी 366 लोकल, साडेनऊ खेपा, दहा वानखेडे! कारण खोटी लस घेतलेल्यांतही लुळेपण आलं ते साडेसतराशे मुलांत एकाला. हजार-हजार मुलांवरच भागवलं असतं, तर एकीकडे कदाचित एक रुग्ण, दुसरीकडे शून्य, आणि त्यावरून काहीच ठरलं नसतं.

निकाल 12 एप्रिल 1955 रोजी अ‍ॅन आर्बरमध्ये वाचला गेला. चर्चच्या घंटा वाजल्या, लसीला परवानाही त्याच दिवशी मिळाला. त्याआधी, 1952 या एका वर्षात अमेरिकेत पोलिओचे 57,879 रुग्ण झाले होते. त्यांना न्यायला 72 बर्थांचे 804 डबे लागले असते. 1962 चे रुग्ण? हजाराच्या आत. चौदा डबेसुद्धा भरत नाहीत!