कामाचे इंग्रजी आणि फाडफाड इंग्रजी

२००० साली महाराष्ट्राने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केले. तेव्हाचे शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या या निर्णयावर बरेच रण माजले होते. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुले आज तिशी ओलांडून नोकऱ्या करत आहेत, आणि तरीही नोकरी लागल्यावर स्पोकन इंग्लिशचा क्लास शोधणारे काही कमी झालेले नाहीत. याचे खापर शाळांवर फोडणे सोपे आहे. पण क्लासमध्ये आपण मागतो तरी काय? ‘फाडफाड इंग्रजी’. म्हणजे न अडखळता, जमल्यास थोड्या परदेशी वळणाने, चार लोकांवर छाप पडेल असे बोलणे. कामाच्या ठिकाणी लागणारी गोष्ट ही नव्हेच, असे माझे म्हणणे आहे. जिथे बोलण्यातल्या चुकीचा हिशेब माणसांच्या जिवात झाला आणि जिथे त्या चुकीची कसून चौकशी झाली, त्या विमानवाहतुकीच्या क्षेत्राकडे पाहिले की हे स्पष्ट दिसते.

२५ जानेवारी १९९० च्या रात्री कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेले आव्हियांका कंपनीचे ५२ क्रमांकाचे विमान खराब हवेमुळे तासाहून अधिक काळ आकाशात घिरट्या घालत होते. कॅप्टनला इंग्रजी जेमतेम, म्हणून नियंत्रकांशी बोलण्याचे काम सहवैमानिकाकडे होते. त्याने ‘आम्हाला प्रायॉरिटी हवी’ असे एकदा कळवले. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर कॅप्टनने त्याला स्पॅनिशमध्ये बजावले, आणीबाणी आहे असे सांग. त्याने काय केले? नियंत्रकाने दिलेली दिशा मान्य केली, पुन्हा प्रयत्न करतो म्हणाला आणि त्याच्या शेपटाला ‘वुई आर रनिंग आउट ऑफ फ्युएल’ एवढे जोडून दिले. सांगितलेस का, असे कॅप्टनने विचारले, तर म्हणाला, हो, सांगितले. पुढे नियंत्रकाने विचारले, तुम्हाला पंधराएक मैल नेऊन परत वळवतो, तुम्हाला आणि तुमच्या इंधनाला चालेल ना? उत्तर गेले, ‘आय गेस सो, थँक यू व्हेरी मच.’ काही मिनिटांत इंजिने बंद पडली आणि विमान लाँग आयलंडवर कोसळले. १५८ पैकी ७३ माणसे गेली.

या संवादात व्याकरणाची चूक शोधूनही सापडत नाही. वाक्ये सरळ आहेत, नम्रता पुरेपूर आहे. आपल्याकडच्या एखाद्या क्लासने या सहवैमानिकाला खुशाल पहिल्या श्रेणीत बसवले असते. नव्हते ते एवढेच: समोरच्या माणसाला आपले काम बाजूला टाकून उठायला लावणारे ठरलेले शब्द. त्या रात्री घिरट्या घालणाऱ्या प्रत्येक विमानाचे इंधन कमी होत होते, त्यामुळे ‘इंधन संपत आले आहे’ ही नियंत्रकासाठी बातमी नव्हती. ‘इमर्जन्सी’ किंवा ‘मेडे’ ही झाली असती. अमेरिकी चौकशी मंडळाने मुख्य ठपका वैमानिकांवरच ठेवला. इंधनाचा हिशेब त्यांनी नीट राखला नाही आणि आणीबाणी वेळेवर जाहीर केली नाही. मात्र इंधनटंचाईसाठी दोन्ही बाजूंना सारखीच कळेल अशी ठरीव शब्दयोजना नव्हती, हेही मंडळाने नोंदवले. ती पुढे आली. २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत ‘मिनिमम फ्युएल’ आणि ‘मेडे मेडे मेडे फ्युएल’ अशा दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. त्याआधी १९७७ मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमाने धडकून ५८३ माणसे गेली होती. तेव्हाही ‘वुई आर नाउ ॲट टेकऑफ’ या संदिग्ध वाक्याचा त्या गोंधळात वाटा होता, आणि त्यानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना सोडून इतरत्र वापरायचा नाही असे ठरले. चांगले इंग्रजी बोलणाऱ्यांनाही हे नव्याने शिकावे लागले. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही यातून सुटले नाहीत. आव्हियांकाशी बोलणारे नियंत्रक अमेरिकीच होते.

यावर कुणी म्हणेल, मग काय, शंभरएक वाक्ये घोकली की झाले? नाही. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरयाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ माणसे गेली, तिथे अडचण उलटी होती, मुळात भाषाच तोकडी होती. कझाक वैमानिक इंग्रजी संभाषणासाठी आपल्या रेडिओ ऑपरेटरवर विसंबून होते. या अपघातानंतर आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाण संघटनेने भाषेच्या पातळ्या ठरवल्या आणि २००८ पासून त्या लागू केल्या. सहा पातळ्यांपैकी किमान चौथी हवी. ठरलेली वाक्ये जिथे संपतात, उदाहरणार्थ विमानात कुणाला हृदयविकाराचा झटका आला, तिथे साध्या इंग्रजीत परिस्थिती सांगता आली पाहिजे, ही त्यातली अपेक्षा. उच्चारावर मातृभाषेची छाप असली तरी चालते. तिने समजण्यात वारंवार अडथळा येऊ नये, एवढेच बघतात. समजले नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हणता येणे हे तिथे गुणांत धरले जाते. आपल्याकडे तो कमीपणा मानला जातो.

समुद्रावरचा दाखला आपल्या जास्त जवळचा. रत्नागिरीचे खलाशी आणि गोव्याचे तारवटी पिढ्यानपिढ्या परदेशी जहाजांवर काम करत आले. त्यांच्यासाठीही २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठरीव वाक्यांचा संच मंजूर केला. त्यातली एक युक्ती मला फार शहाणपणाची वाटते: निरोपाआधी त्याची जात सांगायची. ‘क्वेश्चन’ म्हणून मग प्रश्न, ‘वॉर्निंग’ म्हणून मग इशारा, ‘इन्स्ट्रक्शन’ म्हणून मग हुकूम. आणि ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’, ‘कॅन’ असले धूसर शब्द टाळायचे, कारण ‘कॅन आय एंटर’ म्हणणारा परवानगी मागतोय की पाण्याची खोली पुरेशी आहे का विचारतोय, हे ऐकणाऱ्याला उमगत नाही.

ऑफिसात कुणी मरत नाही, हे कबूल. पण तिथला रोजचा मेल बघा. ‘रिस्पेक्टेड सर, वुई आर फेसिंग सम इश्यू इन द मशीन, काइंडली डू द नीडफुल.’ नम्र आहे, आणि निरुपयोगी आहे. कुठली मशीन, केव्हापासून बंद, काय करून पाहिले, आता पार्ट हवा की माणूस, आणि कधीपर्यंत? ही पाच उत्तरे मोडक्यातोडक्या इंग्रजीत आली तरी जर्मनीतला किंवा कोरियातला इंजिनिअर कामाला लागतो. त्याचेही इंग्रजी शिकलेलेच असते. भाषा गुळगुळीत करून द्यायला आता फोनमधले ॲपही पुरते. मशीन केव्हा बंद पडली, ते मात्र ॲपला ठाऊक नसते.

खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो वजनदार आहे. कामापुरते इंग्रजी शिकवले की माणूस त्याच कामाला खिळून राहतो. वरच्या खुर्चीवर मन वळवावे लागते, वाद घालावा लागतो, आणि मुलाखतीत तर फाडफाड बोलणाराच बाजी मारतो. यातला पहिला भाग क्रमाने सुटतो. चौथी पातळी गाठलेल्या वैमानिकाला पाचवी-सहावी बंद नसते, आणि आपल्या विषयावर खात्रीने बोलायला शिकलेल्याला पुढचे इंग्रजी हवापाण्याच्या गप्पा शिकलेल्यापेक्षा लवकर येते. मुलाखतीबद्दलचा भाग मात्र खरा आहे, आणि उद्या मुलाखत असलेल्या मुलाला माझे हे विवेचन फारसे उपयोगी नाही. तिथे बदलायचे ते परीक्षकाने. परदेशी जाणाऱ्या नर्स देतात ती ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट उमेदवाराला रुग्णाशी बोलण्याचा प्रसंग देते आणि रुग्णाच्या केसच्या नोंदींवरून पत्र लिहायला लावते. ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’वर माणूस तोलत नाही. आपल्या कंपन्यांनाही हे अवघड नाही. चाकणच्या कारखान्यातल्या सुपरवायझरांसाठी क्लास काढायचा तर शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी तिथले शिफ्टचे लॉगबुक आणि मागच्या महिन्याचे ब्रेकडाउन रिपोर्ट मागावेत, आणि कंपनीने ते गोपनीय म्हणून दाबून न ठेवता द्यावेत.