कृष्णाकाठचा म्हातारा भोई

उर्दूत आपण नदीला 'दरिया' म्हणतो. मराठीत 'दर्या' म्हणजे मात्र समुद्र. कोकणातला कोळी दर्यावर जातो. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही, पण आपल्या अर्थाचा दरिया येथे आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणेला सोबत घेऊन पुढे जाते. या काठांवर मासे धरून पोट भरणारे लोक म्हणजे भोई. पूर्वी ते पालख्या वाहत आणि उतारूंना नावेतून पैलतीरी नेत. पालख्या गेल्या, पूल झाले. जाळे तेवढे राहिले.

साठी उलटलेला एखादा भोई भेटला, तर त्याचे हात पाहा. संध्याकाळी जाळे लावायचे आणि पहाटे ते काढायचे, हे काम त्याने थंडीतही सोडलेले नसते. आता गुडघे धरतात. फाटलेले जाळे सांधताना दोरा दिसत नाही. म्हातारपण सर्वांनाच येते, त्याची तो तक्रार करीत नाही. नदीच थकेल, हे मात्र त्याच्या मनात कधी आले नव्हते.

नदी कशी थकते? पावसाळ्यात पुष्कळ मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट, वरच्या ओढ्यांकडे जातात. धरणाची भिंत आडवी आली की ही वाट बंद होते. कोयना धरणात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. त्या जलाशयाचे नाव शिवसागर. म्हणजे साताऱ्यालाही एक सागर मिळाला! धरणांमुळे शेते भिजली, वीज मिळाली, हे खरेच आहे. पण वाट अडलेल्या माशाला त्याचा काय उपयोग? त्यात १९५२ साली भारतात परदेशातून तिलापिया मासा आणला गेला. आपल्याकडे त्याला चिलापी म्हणतात. त्याची वीण झपाट्याने वाढते आणि तो गावच्या माशांचे खाणे व जागा बळकावतो. त्याला भावही कमीच.

सर्वांत मोठा घाव सांडपाण्याचा. मासा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कल्ल्यांनी घेतो. शहरांचा मैला किंवा कारखान्यांची मळी नदीत आली, की ती कुजवणारे सूक्ष्म जीव वाढतात आणि तो ऑक्सिजन संपवून टाकतात. मग मासे वर येऊन तोंडे उघडतात. काठावरच्या माणसाला वाटते, आज मासळी भरपूर आहे! म्हातारा भोई मात्र ते पाहून जाळे टाकत नाही. उद्या काय दिसणार, हे त्याला ठाऊक असते. सांगली परिसरात जुलै २०२२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०२३ मध्ये कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. मरळ मासा हवेतूनही श्वास घेऊ शकतो, म्हणून तो असे पाणी काही काळ सोसतो. इतर बहुतेकांना ते जमत नाही.

आणि महापूर? सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ आणि २०२१ सालीही मोठे पूर आले. पूर ओसरल्यावर शेतकऱ्याला आपले शेत निदान जागेवर सापडते. भोयाची नाव आणि जाळी वाहून गेली, तर ती शोधायची कुठे? नवे जाळे घ्यायला उसने पैसे काढावे लागतात. घरातली तरुण मुले हे सारे पाहतात आणि गवंडीकामाला किंवा शहरात निघून जातात. कोणत्या डोहात कोणत्या महिन्यात वांब मिळते, हे ज्ञान कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. ते ऐकायला आता घरात कोणी थांबत नाही.

सांगलीच्या बाजारात मासे मात्र कमी झालेले नाहीत. कोकणातला बांगडा आणि आंध्रच्या तळ्यांतले रोहू, कटला बर्फात घालून येतात. त्यांच्या शेजारी कधी एखाद्या पाटीत नदीचे चार मासे दिसतात. ते बर्फावर ठेवलेले नसतात. कारण ते त्याच पहाटे धरलेले असतात.