गिरवलीचा गार कॅमेरा

मोलगीहून डाब, वालंब्याकडे चढत गेलं की कडाक्याच्या थंडीत गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं दिसतं. सातपुड्याच्या त्या काळ्याभोर आकाशाखाली दुर्बीण लावणाऱ्याला वाटेल, कॅमेऱ्याला आणखी गारवा कशाला हवा? हवा, आणि या थंडीच्या कितीतरी पलीकडचा हवा. तो कसा आणतात हे गिरवलीत दिसतं.

पुणे जिल्ह्यातल्या या डोंगरावर, सुमारे 1000 मीटर उंचीवर, आयुका या खगोलसंशोधन संस्थेची 2 मीटर व्यासाची दुर्बीण 2006 साली रुजू झाली. डॉ. जयंत नारळीकर ज्या संस्थेचे संस्थापक-संचालक होते, ती आयुका देशभरच्या विद्यापीठांसाठी आहे. त्यामुळे लहान गावातल्या प्राध्यापकालाही रीतसर प्रस्ताव देऊन इथली रात्र मागता येते. पावसाळ्यात काम बंद. दुर्बिणीला जोडलेलं आयफॉस्क हे उपकरण अंधूक ताऱ्यांची, दीर्घिकांची छायाचित्रं घेतं आणि वर्णपटही. त्याच्या पोटात प्रकाश टिपणारी सीसीडी चिप असते.

सीसीडी 1969 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांना सुचली. प्रकाशकण सिलिकॉनमध्ये शिरला की इलेक्ट्रॉन सुटतो, साठतो, शेवटी मोजला जातो. पण नुसत्या उष्णतेनेही इलेक्ट्रॉन सुटतात, आणि मोजताना हा कुठला, तो कुठला हे ओळखता येत नाही. शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाची चित्रं घेतली तर या उपऱ्यांची सरासरी वजा करता येते. त्यांचा चढउतार मात्र वजा होत नाही. नॉइज तो हाच, आणि अंधूक दीर्घिका त्यातच बुडते.

तापमान सहा-सात अंशांनी उतरलं की उष्णतेने सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ही गळती साधारण निम्मी होते. 25 अंशांवरून डाबच्या थंडीतल्या 0 अंशांपर्यंत आलो तर ती पंधराव्या हिश्शावर येते. उणे 100 च्या आसपास गेलो तर एका लाखांशाहूनही कमी उरते! म्हणून आयफॉस्कची चिप द्रवरूप नायट्रोजनने गार करतात. हा द्रव उणे 196 अंशांना उकळतो. अशा कॅमेऱ्यात द्रवाची टाकी आणि चिप निर्वात भांड्यात असतात. हवा राहिली तर तिच्यातली वाफ चिपवरच बर्फ होऊन बसेल. टाकीतली थंडी धातूच्या पट्टीतून चिपपर्यंत पोचते. मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे चिपजवळचा छोटा हीटर. अति गारठ्यात इलेक्ट्रॉन चौकटीतून चौकटीत नीट सरकत नाहीत, आणि तापमान हललं तर मोजमापही हलतं. म्हणून एवढ्या कष्टाने आणलेली थंडी हीटरने एकाच ठरावीक तापमानावर धरून ठेवायची. द्रव उकळून उडत राहतो; हातमोजे घालून, पांढऱ्या वाफेत टाकी पुन्हा भरायची.

हौशी निरीक्षकाला नायट्रोजन परवडत नाही. त्याच्या कॅमेऱ्यात विजेवर चालणारी पेल्टिअर चकती असते, ती चिपला भोवतालच्या हवेपेक्षा तीस-चाळीस अंश खाली नेते. इथे मात्र सातपुड्याची थंडी खरोखर कामी येते: हवा 5 अंशांवर असेल तर चिप उणे 30 ला सहज टिकते, जे मे महिन्यातल्या पुण्यात अशक्य.

2 सप्टेंबर 2023 ला आदित्य-एल1 या अंतराळयानाबरोबर गेलेली सूट ही दुर्बीणही आयुकाच्या पुढाकाराने झाली. तिथे टाकी भरायला कोणी नाही. चिपची उष्णता एक रेडिएटर पट्टी थेट अंतराळात सोडते, आणि सूर्याकडे तोंड करून बसलेली ती चिप उणे 50 अंशांच्याही खाली राहते.