संगणक नवा, प्रिंटर जुना : विंडोज ११ वर जुना प्रिंटर कसा चालवायचा?

जैनथ : कापसाचा हंगाम असो की शाळा-कॉलेजचे प्रवेश, मंडलाच्या गावी गर्दी असते ती झेरॉक्स अन् ऑनलाइनच्या दुकानात. पहाणीची नक्कल, पट्टा पासबुकाची झेरॉक्स, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचे कागद, सगळं शेवटी प्रिंटरमधूनच बाहेर पडतं. तो एक डबा बंद पडला की दुकानदाराची दिवसाची कमाई जाते अन् खेड्यावरून आलेल्या माणसाची एक रोजी बुडते. कागदासाठी पुन्हा आदिलाबादची फेरी पडते ती वेगळीच.

हा प्रश्न आता जास्त येण्याचं कारण आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्याआधी विंडोज ७ ची सेवा जानेवारी २०२० मध्ये संपली होती. विंडोज ११ बऱ्याच जुन्या संगणकांवर बसत नाही, म्हणून लोक नवीन मशीन घेतात. मशीन घरी येतं, जुना प्रिंटर जोडला जातो अन् तो चालत नाही. मग कोणीतरी सांगतं, "प्रिंटर गेला, नवा घ्या." बऱ्याचदा प्रिंटर ठणठणीत असतो. अडचण मधल्या दुव्याची असते.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषी

सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. कागद तेलुगूत, शेतकरी मराठी, तर मध्ये दोन्ही भाषा येणारा माणूस लागतो. संगणक अन् प्रिंटर यांच्यामधला हा दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. संगणकाची भाषा बदलली आणि दुभाषी जुनाच राहिला, की बोलणं तुटतं.

विंडोज एक्सपी अन् विंडोज ७ च्या काळात बहुतेक संगणक ३२ बिटचे होते. त्या वेळच्या सीडीतला ड्रायव्हरही बरेचदा ३२ बिटचाच. विंडोज ११ मात्र फक्त ६४ बिटमध्येच येतं आणि त्यावर ३२ बिटचा ड्रायव्हर बसत नाही. म्हणून कपाटातली जुनी सीडी घालून उपयोग होत नाही, त्याच मॉडेलचा ६४ बिटचा ड्रायव्हर लागतो.

जुना चालतो, त्याच्यापेक्षा नवा अडतो, असं का?

प्रिंटरचं वय हा खरा मुद्दा नाही. काही प्रिंटर स्वतः हुशार असतात. त्यांना पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या सर्वमान्य भाषा कळतात. एचपीचा लेझरजेट १३२० हा २००४ चा, पण त्याला या भाषा येतात. अशा प्रिंटरला कंपनीचा खास ड्रायव्हर नसला तरी त्याच भाषेचा सामान्य ड्रायव्हर देऊन काम भागतं.

दुसरा प्रकार स्वस्तातला. त्यात पान तयार करायचं काम प्रिंटर करतच नाही. संगणक पूर्ण पान तयार करून पाठवतो अन् प्रिंटर ते फक्त कागदावर उतरवतो. आपल्याकडे दुकानादुकानात दिसणारे एचपी लेझरजेट १०२० अन् कॅनन एलबीपी २९०० याच प्रकारातले. १०२० तर इतका संगणकावर अवलंबून आहे, की प्रत्येक वेळी चालू केल्यावर त्याला चालवणारा छोटा प्रोग्रामसुद्धा तो संगणकाकडून घेतो. ड्रायव्हर नसेल तर असा प्रिंटर म्हणजे नुसता दिवा लागणारा डबा.

तरी लोक हे प्रिंटर सोडत नाहीत, त्यामागे हिशोब आहे. १०२० चं १२ए कार्ट्रिज अन् २९०० चं ३०३ कार्ट्रिज, दोन्हींतून कंपनीच्या मोजणीने साधारण २००० पानं निघतात. दोन्ही एकाच घडणीचे असल्याने रिफिल करणारा माणूस कुठेही मिळतो. समजा रिफिलला ३०० रुपये लागले, तर पानामागे शाई पडते १५ पैशांची. कागद अन् वीज वेगळी. चालू स्थितीतला असा प्रिंटर फेकणं कोणत्याही दुकानदाराला परवडत नाही.

सुरुवात कुठून करायची?

पहिलं काम, प्रिंटरच्या मागे किंवा खाली चिकटवलेल्या पट्टीवरून पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. १०२० अन् १०२२ एकसारखे दिसतात, ड्रायव्हर वेगळे. दुसरं, संगणकाच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट उघडून विंडोज कोणतं अन् किती बिटचं ते पाहा. तिथेच प्रोसेसरचं नाव दिसतं. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचा लॅपटॉप असेल तर थांबा. त्याला वेगळ्या, एआरएम प्रकारच्या ड्रायव्हरची गरज असते अन् जुन्या प्रिंटरसाठी तो बहुधा मिळत नाही. जुन्या प्रिंटरवर काम करणाऱ्याने लॅपटॉप घेण्याआधीच हे विचारून घ्यावं.

तिसरं, आधी बसवलेला अर्धवट ड्रायव्हर काढून टाका. प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये जाऊन तो प्रिंटर रिमूव्ह करा, इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये त्याचं सॉफ्टवेअर असेल तर तेही अनइन्स्टॉल करा. मग यूएसबी केबल काढून मशीन रीस्टार्ट करा. बिघाडावर बिघाड बसवत गेलं की शेवटी काहीच कळत नाही.

ड्रायव्हर आणायचा कुठून?

पहिला मार्ग विंडोजचाच. इंटरनेट चालू ठेवून केबल जोडा, प्रिंटर चालू करा अन् पाच-दहा मिनिटं थांबा. बऱ्याच जुन्या मॉडेलचा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आपोआप येतो. नाही आला तर प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये ॲड डिव्हाइस दाबा. थोड्या वेळाने ॲड मॅन्युअली असा पर्याय दिसतो. त्यातून लोकल प्रिंटर निवडून पोर्ट विचारेल तिथे यूएसबी ००१ निवडा. पुढे कंपन्यांची यादी येते. यादीत आपलं मॉडेल नसेल तर तिथलंच विंडोज अपडेट बटण दाबा. यादी मोठी असल्याने मशीन थोडा वेळ अडकल्यासारखं वाटेल, तिथे घाई करू नये.

दुसरा मार्ग कंपनीच्या स्वतःच्या साइटचा. मॉडेल नंबर टाकून ६४ बिटचा ड्रायव्हर घ्या. विंडोज ११ चं नाव यादीत नसेल तर विंडोज १० चा ६४ बिट ड्रायव्हर बहुतेक वेळा चालून जातो. कॅनन २९०० बाबत एक क्रम पाळावा लागतो. आधी सेटअप सुरू करायचा आणि त्याने सांगितल्यावरच प्रिंटर जोडून चालू करायचा. आधीच केबल लावून ठेवली की विंडोज त्याला अनोळखी यंत्र म्हणून नोंदवतं अन् पुढची सगळी गडबड तिथून सुरू होते.

ड्रायव्हर बसला, तरी प्रिंट निघत नाही

अशा वेळी चार गोष्टी पाहाव्यात. केबल रोजच्या जागेऐवजी दुसऱ्या यूएसबी भोकात लावली असेल तर विंडोज त्याच प्रिंटरची 'कॉपी १' तयार करतं अन् आपण जुन्या नावावर प्रिंट देत बसतो. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्समध्ये जाऊन खरं पोर्ट कोणतं ते तपासा. दुसरं, डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवावा हा पर्याय बंद करून आपला प्रिंटर स्वतः डिफॉल्ट करा.

तिसरं, एखादी प्रिंट रांगेत अडकली की मागच्या सगळ्या अडकतात. स्टार्टमध्ये सर्व्हिसेस शोधा, प्रिंट स्पूलर थांबवा, विंडोजच्या सिस्टीम ३२ फोल्डरमधल्या स्पूल, त्यातल्या प्रिंटर्स फोल्डरमधल्या फायली काढा अन् स्पूलर पुन्हा सुरू करा. प्रिंटर्स हे फोल्डर मात्र काढायचं नाही. चौथं, विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत विंडोज प्रोटेक्टेड प्रिंट मोड नावाचा पर्याय आहे. तो चालू असला की बाहेरून बसवलेले ड्रायव्हर चालत नाहीत. जुना प्रिंटर वापरणाऱ्याने तो बंद ठेवावा.

एका प्रिंटरवर दोन संगणक

काउंटरवरच्या मशीनला प्रिंटर अन् आतल्या मशीनवरून शेअरिंगने प्रिंट, ही पद्धत सगळीकडे आहे. २०२१ मध्ये विंडोजच्या प्रिंट स्पूलरमध्ये 'प्रिंटनाइटमेअर' नावाची मोठी त्रुटी सापडली. ती बुजवताना मायक्रोसॉफ्टने शेअरिंगचे नियम कडक केले. तेव्हापासून शेअर केलेला प्रिंटर जोडायला ॲडमिनचा पासवर्ड लागतो अन् एक मशीन अपडेट, दुसरं जुनं असेल तर कधी कधी ११बी हा एरर येतो. उपाय सरळ आहे. दोन्ही मशीन अपडेट करा अन् ड्रायव्हर दोन्हीकडे आधीच बसवा. अपडेट काढून टाकणं किंवा सुरक्षेची नोंद बंद करणं हे उपाय फिरत असतात, पण ज्या मशीनवर लोकांच्या आधारचं अन् बँकेचं काम होतं तिथे ते करू नयेत.

धर्मकाट्यावरचा डॉट मॅट्रिक्स

जिनिंग, धर्मकाटा, अडत, खताचं दुकान, जिथे कार्बनची दुसरी प्रत लागते तिथे टीव्हीएस किंवा एप्सनचा डॉट मॅट्रिक्स अजून टिकून आहे, कारण लेझरवर कार्बन उमटत नाही. नव्या संगणकाला जुनं रुंद पॅरलल पोर्ट नसतं, म्हणून यूएसबी ते पॅरलल केबल लावावी लागते. ती लावल्यावर पोर्ट यूएसबी ००१ होतं, एलपीटी १ राहत नाही. जुन्या डॉसच्या बिलिंगला एलपीटी १ च हवं असतं. शिवाय १६ बिटचे डॉस प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर मुळात उघडतच नाहीत. तिथे प्रिंटर बदलून काहीच होत नाही, बिलिंगचं सॉफ्टवेअरच बदलावं लागतं.

ड्रायव्हर मिळत नसेल तर जेनेरिक टेक्स्ट ओन्ली निवडून आकडे अन् इंग्रजी अक्षरं झरझर निघतात. मराठी किंवा तेलुगू नाव मात्र त्यातून नीट उमटत नाही, बहुधा प्रश्नचिन्हं येतात. दोन लिप्यांतली पावती हवी असेल तर त्या प्रिंटरचा किंवा त्याच्याशी जुळणाऱ्या एप्सनचा ग्राफिक्स ड्रायव्हर घ्यावा. छपाई सावकाश होते, पण नाव बरोबर येतं.

काहीच जमलं नाही तर?

जुनं मशीन मोडीत काढू नका. इंटरनेट तोडून ते फक्त छपाईला ठेवा. नव्या मशीनवर पीडीएफ बनवून पेन ड्राइव्हने इकडे आणून छापता येतं. विंडोज १० चं मशीन इंटरनेटवर ठेवायचंच असेल तर घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली आहे, तिची नोंदणी अपडेटच्या पानावरूनच होते. लिनक्स शिकायची तयारी असेल तर १०२० सारख्या प्रिंटरसाठी तिथे फू-टू-झेडजेएस नावाचा मोफत ड्रायव्हर आहे.

पुढचं चित्रही लक्षात असू द्या. विंडोज अपडेटमधून कंपन्यांचे ड्रायव्हर देणं हळूहळू बंद करण्याचं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलं. कंपनीच्या फाइलवरून बसवलेले ड्रायव्हर त्यामुळे बंद पडत नाहीत, पण ती फाइल आपल्याजवळ असावी. आज चालणारा ड्रायव्हर आजच पेन ड्राइव्हवर ठेवा. नवा प्रिंटर घ्यायची वेळ आलीच तर एअरप्रिंट किंवा मोप्रिया चालतं का अन् नेटवर्कचं पोर्ट आहे का, एवढं विचारा. असे प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात अन् मोबाइलवरूनही छापतात.

फोन करणाऱ्या 'सपोर्ट'पासून सावध

सर्वांत मोठं नुकसान प्रिंटरमुळे होत नाही, शोधाशोधीमुळे होतं. ड्रायव्हर शोधताना कंपनीच्या नावाने बनवलेल्या खोट्या साइट वर येतात. डाउनलोड अर्ध्यावर अडल्याचं दाखवतात अन् खाली मदतीचा नंबर देतात. फोन लावला की समोरचा मशीनचा ताबा देणारं ॲप टाकायला सांगतो. त्याच मशीनवर दुकानाचं बँक खातं अन् ग्राहकांचे कागद असतात. ड्रायव्हर मोफत असतो, त्यासाठी पैसे, ओटीपी किंवा मशीनचा ताबा मागणारा माणूस ठगच समजावा. ताबा दिला गेलाच तर आधी इंटरनेट तोडा, बँकेला कळवा अन् सायबर हेल्पलाइन १९३० वर लगेच तक्रार करा. जितक्या लवकर फोन, तितकी पैसे अडवून ठेवण्याची शक्यता जास्त.