चकती अडकायची, रावण नाही

आम्ही भोपाळला रायसेन रोडवरच्या आनंद नगरात राहायला आलो, कारण बाबा भेलमध्ये होते. पुण्याच्या आत्याला हे सांगताना दरवेळी ‘खायची नव्हे, विजेच्या यंत्रांची’ अशी पुस्ती जोडावी लागे.

1993 साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागलं की आमची गल्ली ओस पडायची. ही निप्पॉन ॲनिमेशनची 52 भागांची जपानी मालिका, तिकडे 1989-90 मध्येच दाखवून झालेली, हे तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं. मोगली आमच्या लेखी हिंदीच बोलायचा आणि शेरखान म्हणजे तर चक्क नाना पाटेकर. आई पोळ्या लाटता लाटता, पडद्याकडे न बघताच सांगायची, “नाना आला वाटतं.”

पुढे सीडीचा जमाना आला. रस्त्यावरच्या एका दुकानातून दहा रुपये भाड्याने ‘रामायण’ आणायचं. युगो साको, कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला हा भारत-जपान चित्रपट दोन चकत्यांत मावायचा. दुसरी चकती इतकी ओरखडलेली की लंकेत युद्ध पेटलं की चित्राचे चौकोन व्हायचे. मी ती बनियनला पुसायचो, कधी वर टाल्कम पावडर टाकायचो. त्या रंगीत चौकोनांमागून अमरीश पुरींचा रावण मात्र गरजत राहायचा. अर्धं युद्ध आम्ही असं कानांनीच पाहिलंय.

‘ड्रॅगन बॉल झी’ त्यानंतरचं, केबलवरचं. नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार असं खलनायक फ्रीझा सांगतो आणि ती पाच मिनिटं भागामागून भाग सरतच नाहीत. बाबा म्हणायचे, “यांच्या घड्याळाला चावी कोण देतं?” दोष घड्याळाचा नव्हता. मालिका बनत होती तेव्हा अकिरा तोरियामांची मूळ चित्रकथा साप्ताहिकात अजून चालूच होती. मालिका तिच्या पुढे जाऊ नये म्हणून दूध कमी पडल्यावर चहात घालतात तसं पाणी घातलं जाई.

ते पाणी आटवायचं काम तोएई ॲनिमेशनने 2009 मध्ये हाती घेतलं, निमित्त मालिकेच्या विसाव्या वर्षाचं. नाव ठेवलं ‘ड्रॅगन बॉल काई’. जपानीत ‘काई’ म्हणजे सुधारलेलं. आमच्या भोपाळच्या हिंदीत काई म्हणजे शेवाळ, आणि काम शेवाळ खरवडून काढण्याचंच होतं. सोळा मिलिमीटर फिल्मवरची धूळ नि ओरखडे पुसले, काही खराब दृश्यं पुन्हा रेखाटली, 194 भागांचा ऐवज 98 भागांत बसवला. त्यातले 97 टीव्हीवर दाखवले, अठ्ठ्याण्णवावा थेट डिस्कवर आला.

मावसभावाने अमेरिकेहून आणलेला ‘काई’चा ब्लू-रे संच मी पाहिला. चित्र लख्ख. नायक गोकूच्या कपड्यांचा नारिंगी रंग असा आहे, हे मला तेव्हा कळलं. पण दहा मिनिटांत अस्वस्थ झालो, कारण ओळखीचं संगीत कुठेच नव्हतं. केबलवर आम्ही पाहिली ती अमेरिकन आवृत्ती, तिचं संगीत ब्रूस फॉकनर यांचं. जपानी मालिकेचं मूळ संगीत शुन्सुके किकुचींचं, आणि ‘काई’साठी केंजी यामामोतोंनी तिसरंच केलेलं. त्यातल्या काही रचना इतरांच्या संगीताशी फारच मिळत्याजुळत्या निघाल्या, म्हणून मार्च 2011 मध्ये ते काढून पुन्हा किकुची बसवले गेले. त्यामुळे तुमच्या घरी कुठला संच आहे, त्यावर तुमची ‘काई’ कशी वाजते हे ठरतं.

जपान्यांची एका बाबतीत मात्र चंगळ झाली. संवाद नव्याने ध्वनिमुद्रित केले, पण गोकूसाठी माइकपुढे पुन्हा मासाको नोझावाच उभ्या राहिल्या, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. असं नशीब आम्हालाही एकदा लाभलं. 2016 मध्ये हॉलिवूडचं ‘जंगल बुक’ हिंदीत आलं तेव्हा शेरखानला पुन्हा नाना पाटेकरच मिळाले.

‘रामायण’च्या वेळी ते जमण्यासारखं नव्हतं. अमरीश पुरी 2005 मध्येच गेले. 24 जानेवारी 2025 ला चित्रपट फोरके होऊन देशभर लागला, हिंदी संवाद नव्याने डब केलेले. आई, मी आणि नऊ वर्षांची भाची असे गेलो. समुद्र, वनातली पानं, वानरांच्या अंगावरचा केस न् केस दिसत होता, कुठे एक चौकोन नाही. कोण सुधारणा म्हणणार नाही? मीही म्हणतो. पण लंकेचा दरबार भरला तशी आई माझ्याकडे वाकली.

“हा कोण बोलतोय रे?”

मी उत्तर द्यायच्या आत भाची वैतागून म्हणाली, “आजी, रावण बोलतोय ना!”