अभ्यासक्रम कोणी रचावा?

शिक्षकाचे काम काय, या प्रश्नाला आपल्या समाजात एक ठरीव उत्तर आहे. नेमलेले पुस्तक त्याने वेळेत संपवावे. ‘पोर्शन’ पुरा झाला की शिक्षक मोकळा, पालक निश्चिंत आणि विद्यार्थी परीक्षेच्या तयारीला लागलेला! पुस्तकात काय असावे, हा विचार दूर कुठेतरी एखाद्या मंडळात झालेला असतो आणि वर्गातला शिक्षक त्या विचाराचा केवळ वाहक असतो. परंतु जगात उच्च माध्यमिक शिक्षणाची अशीही एक पद्धत रूढ झाली आहे, की जिच्यात आपला अभ्यासक्रम पुष्कळ अंशी शिक्षकालाच रचावा लागतो. त्यासाठी त्याला कोणते शिक्षण दिले जाते आणि त्यातून आपण काय घेण्याजोगे आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या पद्धतीचे नाव ‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’, म्हणजे आंतरराष्ट्रीय शालान्त पदविका. तिचा उगम एका व्यावहारिक अडचणीत आहे. राष्ट्रसंघाच्या व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी 1924 साली जिनिव्हा येथे एक आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. एकाच बाकावर बसणाऱ्या मुलांपैकी कोणी पुढे फ्रान्सला जायचा, कोणी इंग्लंडला, तर कोणी अमेरिकेला. आणि प्रत्येक देशाची प्रवेशपरीक्षा निराळी. मग वर्गाचे तुकडे पडत. सर्वांना चालेल असा एक समाईक अभ्यासक्रम असावा, ही कल्पना शिक्षकांमध्येच रुजली. 1962 साली जिनिव्हात अशा शाळांतील समाजशास्त्रे शिकवणाऱ्या शिक्षकांची परिषद भरली आणि समकालीन इतिहासाच्या समाईक अभ्यासक्रमापासून कामाला आरंभ झाला. पुढे 1968 साली या कार्याला संस्थेचे रूप मिळाले. ॲलेक पीटरसन हे तिचे पहिले महासंचालक होते. ही पद्धत शिक्षकांनी अभ्यासक्रम रचण्यातून जन्माला आली, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी. भारतात कोडाइकॅनाल येथील आंतरराष्ट्रीय शाळेने 1976 साली ती स्वीकारली, आणि 1997 साली आपल्या पुणे जिल्ह्यात, मुळशीच्या डोंगरात, याच पदविकेचे एक निवासी महाविद्यालय सुरू झाले.

पदविकेचा काळ दोन वर्षांचा. विद्यार्थी सामान्यतः सहा विषय घेतो. त्यांपैकी निदान तीन वरच्या स्तराचे, प्रत्येकी सुमारे 240 तासांचे, आणि उरलेले साधारण स्तराचे, प्रत्येकी सुमारे 150 तासांचे. प्रत्येक विषयाला जास्तीत जास्त 7 गुण. याखेरीज ज्ञान म्हणजे काय याची चर्चा करणारा एक विषय आणि 4,000 शब्दांपर्यंतचा स्वतंत्र निबंध यांचे मिळून 3 गुण. एकूण 45. शिवाय कला, शारीरिक उद्योग व समाजसेवा यांचा एक सक्तीचा भाग असतो, त्याला मात्र गुण नसतात.

आता मुद्द्याकडे येऊ. प्रत्येक विषयासाठी संस्था एक मार्गदर्शिका काढते. आपल्या बाजारात मिळणाऱ्या ‘गाईड’शी तिचे नावापलीकडे काही साम्य नाही. तिच्यात प्रश्नोत्तरे नसतात. विषयाची उद्दिष्टे, विषयाची व्याप्ती आणि विद्यार्थ्याचे काम कोणत्या निकषांवर तपासले जाईल, एवढेच तिच्यात असते. संस्था कोणतेही एक पाठ्यपुस्तक नेमत नाही. ज्या साहित्य-अभ्यासक्रमाच्या परीक्षा 2021 साली सुरू झाल्या, त्यात वरच्या स्तराला 13 आणि साधारण स्तराला 9 साहित्यकृती वाचावयाच्या असे ठरले. त्यांतील काही अनुवादित असाव्यात, काही नेमलेल्या यादीतील लेखकांच्या असाव्यात, असे नियम आहेत. पण कोणती कादंबरी कोणत्या नाटकाशेजारी ठेवावी, हे शिक्षकच ठरवतो. इतिहासाच्या ज्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा 2017 साली सुरू झाल्या, त्यात जगाच्या इतिहासातील 12 विषय दिले होते आणि त्यांतून दोनच निवडावयाचे होते. म्हणजे दहा सोडायचे! जन्मभर ‘सगळे शिकवून झाले पाहिजे’ या धाकात वावरलेल्या शिक्षकाला हे स्वातंत्र्य प्रथम भयावह वाटते, यात नवल नाही.

म्हणूनच प्रशिक्षणाला येथे महत्त्व आहे. शाळेला मान्यता हवी असेल तर तिच्या शिक्षकांनी संस्थेच्या शिबिरांना हजर राहणे आवश्यक असते. तेथे शिकवली जाणारी मुख्य गोष्ट म्हणजे शेवटाकडून आरंभाकडे विचार करणे. ही दृष्टी एका दिवसात आलेली नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी 1949 सालच्या आपल्या छोट्या पुस्तकात चार प्रश्न मांडले: साध्य काय, त्यासाठी कोणते अनुभव द्यावेत, त्यांची मांडणी कशी करावी, आणि साध्य झाले की नाही हे कसे ओळखावे. 1998 साली विगिन्स आणि मॅकटाय यांनी यातील क्रमावर भर दिला. आधी साध्य ठरवा, मग ते गाठल्याचा पुरावा ठरवा आणि पाठांची आखणी सर्वांत शेवटी करा.

एक उदाहरण घेऊ. शिक्षकाने ‘स्वातंत्र्याच्या चळवळी’ हा विषय निवडला आहे. नेहमीच्या सवयीने तो पहिल्या तासाला 1857 पासून प्रारंभ करील आणि तास संपत आले की घाईघाईने 1947 गाठील. शिबिरात त्याला विचारतात, ‘आठ आठवड्यांनंतर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे?’ विचारांती तो लिहितो, ‘वाटाघाटी, लोकचळवळ आणि शस्त्र यांचे परिणाम तोलून त्याला स्वतःचे मत पुराव्यानिशी मांडता यावे.’ हे ठरले की केवळ भारत घेऊन भागत नाही, तुलना लागते. मग 1947 साली स्वतंत्र झालेल्या भारताशेजारी, सुमारे आठ वर्षांच्या युद्धानंतर 1962 साली स्वतंत्र झालेला अल्जीरिया येतो. मग पुरावा ठरतो. दोन्ही देशांची तुलना करणारा, वेळ लावून लिहिलेला एक निबंध. पाठ त्यानंतर आखले जातात आणि प्रत्येक पाठाला एकच कसोटी लावली जाते, की हा पाठ त्या निबंधाकडे नेतो काय? जो नेत नाही तो कितीही आवडता असला तरी बाजूला ठेवावा लागतो. खरी परीक्षा येथे असते. निवडणे सोपे, सोडणे कठीण.

दुसरा धडा तपासणीचा. गुणांचा काही भाग शिक्षकानेच तपासलेल्या कामावर असतो. इतिहासाच्या वर सांगितलेल्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याच्या स्वतंत्र शोधलेखाला साधारण स्तरावर 25 टक्के आणि वरच्या स्तरावर 20 टक्के वाटा होता. अशा कामाचे नमुने संस्था बाहेरच्या परीक्षकाकडून पडताळून घेते. म्हणून शिबिरात अनेक शिक्षक एकच निबंध तपासतात आणि आपापले गुण पुढे ठेवतात. गुणांत तफावत पडली, की ‘चांगले उत्तर’ म्हणजे काय यावर चर्चा होते. ती चर्चा म्हणजेच प्रशिक्षण.

येथे एक आक्षेप रास्त आहे. या शाळा महाग आहेत, सामान्य नागरिकाच्या ऐपतीबाहेरच्या. मग साठ-साठ मुलांच्या वर्गापुढे उभ्या राहणाऱ्या आमच्या शिक्षकाला याचा उपयोग काय? इमारती आणि प्रयोगशाळा पैशाने मिळतात, हे खरे. पण ‘हे मी का शिकवतो?’ हा प्रश्न विचारायला फी पडत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला शिंपले, बिया, पाने अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून बालशिक्षणाची साधने घडवली. समोरचे मूल पाहून काय शिकवायचे आणि कशाने, हे त्यांनी स्वतः ठरवले. अभ्यासक्रमाची रचना याहून वेगळी ती काय असते? लॉरेन्स स्टेनहाऊस या इंग्रज अभ्यासकाने 1975 साली प्रतिपादन केले, की शिक्षकाचा विकास झाल्याखेरीज अभ्यासक्रमाचा विकास होत नाही. आपल्याकडे त्याचे प्रत्यंतर तीस वर्षे आधीच आले होते.

उणीव आहे ती विश्वासाची. शिक्षकाला काय शिकवावे हे ठरवू दिले तर तो चुकेल, ही भीती आपल्याला वाटते. तो चुकेलही. म्हणूनच त्याला इतर शिक्षकांसमवेत आपली योजना मांडण्याची, तपासून घेण्याची आणि बदलण्याची संधी मिळाली पाहिजे. दर शाळेत, दर सत्रारंभी, एका विषयाच्या शिक्षकांनी एकत्र बसून एकच घटक शेवटाकडून आरंभाकडे आखून पाहिला, तरी पुष्कळ साधेल. आणि आपण पालकांनीही शाळेत गेल्यावर ‘पोर्शन झाला का?’ एवढेच न विचारता ‘यातून माझ्या मुलाला काय करता येऊ लागेल?’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागणार असे कळले, म्हणजे शिक्षक ते शोधू लागेल.